तळ्याकाठी पाऊण तास

बळीराम घरताचा तीनचा चहा पहिल्यांदा चुकला तो एका सोमवारी, आणि त्याला कारण झाला सुनेच्या ऑफिसातला लकी ड्रॉ.

सून समीक्षा महापेच्या एका कंपनीत कामाला होती. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात तिला व्हीआरचा हेडसेट लागला. डोळ्यांवर बांधायचा, खोक्यासारखा जाडजूड चष्मा. तो लावला की समोरची भिंत नाहीशी होते आणि माणूस भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. मान वळवाल तिकडे तीच जागा. समीक्षाने आठवडाभर हौस केली, पण तिला गरगरायला लागलं. मग चष्मा खोक्यात गेला. एका रविवारी घरात सगळे असताना तिला काय वाटलं कोण जाणे, तिने तो सासूपुढे धरला. "आई, तुम्ही बघा तरी एकदा."

भामाने आधी अंबाडा सोडून पुन्हा बांधला, कारण पट्टा त्यात अडकत होता. मग चष्मा चढवला. सुरुवातीला खुर्चीचे हात घट्ट धरले होते, ते हळूहळू सुटले. वीस मिनिटं ती इतकी गप्प होती की झोप लागली की काय म्हणून मुलगा केतन वाकून बघून आला. झोपली नव्हती. चष्मा काढल्यावर तिने एवढंच विचारलं, "ह्ये रोज बगता येतं का?"

"येतं की," समीक्षा म्हणाली. "चार्जिंग असलं म्हणजे झालं."

सोमवारपासून भामा रोज दुपारी अडीचला जाऊ लागली. ती 'जाते' असंच म्हणायची. गॅलरीच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची ओढायची, पाण्याचा तांब्या जवळ घ्यायची आणि म्हणायची, "जाऊन येते." सव्वातीनला परत यायची. त्यामुळे तीनचा चहा साडेतीनवर गेला.

घरत मूळचे गव्हाणचे. बळीरामच्या बापाकडे खाडीच्या कडेला मिठागर होतं. सरकारने जमिनी घेतल्या, मिठागर गेलं, त्या बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांएवढा प्लॉट उलव्यात मिळाला आणि त्यावर पाच मजली बिल्डिंग उभी राहिली. पाचव्या मजल्यावर घरत राहायचे. गॅलरीतून समोरच्या बांधकामांच्या क्रेन दिसायच्या. खालून दिवसभर डंपर जायचे आणि विमानं सुरू झाल्यापासून डोक्यावरूनही आवाज यायला लागला होता. धुळीमुळे गॅलरीचं दार बहुधा लावलेलंच असे.

भामाचे गुडघे गेले होते. लिफ्ट होती, पण लिफ्टपुढच्या चार पायऱ्या आणि पुढचा खणलेला रस्ता तिला जमत नसे. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. बळीराम आधी म्हणाला, केतनचं लगीन होऊन जाऊ दे. लग्न झालं. मग म्हणाला, विमानतळ सुरू होऊ दे, रस्ते नीट होतील, मग बघू. विमानतळही सुरू झाला. भामाने विषय काढणं सोडून दिलं होतं, आणि बळीरामला ते बरंच वाटलं होतं.

तिच्या त्या चष्म्यात बरंच काही होतं. समीक्षाने तिला परदेशातला बाजार दाखवला, समुद्राच्या पोटातले मासे दाखवले, एका देवळातलं दर्शनही दाखवलं. देवळात भामाने हात जोडले, मासे बघून "एवरा मोटा घोळ मासा मी बगितला नाय" म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्याच ठिकाणी गेली. ते होतं एक तळं. डोंगराच्या पायथ्याशी थंड दिसणारं पाणी, पाण्यात शिरलेली लाकडी फळी, मागे सरळसोट झाडं. कधी सकाळ आणि पाण्यावर धुकं, कधी पाऊस. मध्येच एखादा पक्षी पोहत ह्या काठावरून त्या काठावर जायचा. माणूस एकही नाही. असं तळं जगात कुठे आहे, हे तिने कधी विचारलं नाही.

बळीरामला ते खटकायला लागलं. चहाचं तो बोलायचा, पण खरं दुखणं चहाचं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने हाक मारावी आणि भामाने "आले" म्हणावं, ह्यात खंड पडला नव्हता. आता ती चार हातांवर खुर्चीत बसलेली असायची आणि नसायची. एकदा त्याने किल्ली सापडेना म्हणून दोनदा हाक मारली. तिने मान वळवली, पण भलतीकडेच, आणि कशाकडे तरी बघून किंचित हसली. किल्ली खिशातच होती.

बिल्डिंगच्या खाली, पार्किंगच्या सावलीत चार म्हातारे खुर्च्या टाकून बसत. त्यातला चांगो बळीरामचा लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या सुनेने गॅलरीतून भामाला पाहिलं होतं.

"बळ्या, तुजी बायको दुपारची परदेशी जाते म्हनं," चांगो म्हणाला.

"जाते," बळीराम म्हणाला.

"नि तू?"

"मी हितं बसतो तुज्याजवळ."

म्हातारे हसले. बळीरामही हसला, पण ते त्याच्या मनातून गेलं नाही. तिला बघायचंच आहे तर परक्या मुलखातलं तळं कशाला, असं त्याला वाटू लागलं. स्वतःचं काही नाही का? आणि तिथून त्याच्या डोक्यात मिठागराचं आलं.

केतनचा एक मित्र होता, मिथुन. उलव्यातल्या बिल्डरांसाठी तो फ्लॅटचे व्हिडिओ काढायचा. त्याच्याकडे चारी बाजूंनी चित्र घेणारा कॅमेरा होता. बळीरामने त्याला घरी बोलावलं, पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि मिठागराचं तसं चित्र निघेल का, ते विचारलं.

"निघेल ना काका. पण मिठागर आहे कुठे आता?"

"हाय. जासईच्या पल्याड एक चालतंय अजून. मालक माज्या वळखीचा हाय."

फेब्रुवारी होता, मीठ धरायचे दिवस. दोघे मिथुनच्या गाडीने गेले. पाणी अडवलेल्या चौकोनी कोंड्या लांबवर पसरल्या होत्या, मधल्या बांधांवर मिठाच्या राशी लागल्या होत्या. एक बगळा एका पायावर उभा होता. बळीरामला वाटलं, काहीच बदललेलं नाही, फक्त क्षितिजावर कंटेनरच्या थप्प्या आल्यात. मिथुनने बांधावर तिकाटणं रोवून कॅमेरा बसवला आणि म्हणाला, "काका, आता आपण लपायचं."

"लपायचं कशाला?"

"ह्याला मागे-पुढे सगळं दिसतं. आपण उभे राहिलो तर आपणच दिसणार."

मिठागरावर झाड नाही की झुडूप नाही. शेवटी दोघे पलीकडच्या बांधाआड चिखलात पालथे पडले. सहासष्ट वर्षांचा बळीराम पांढऱ्या शर्टात, हनुवटी मातीला टेकून, पंधरा मिनिटं हलला नाही. कोपरं ओली झाली, एक खेकडा हाताजवळून गेला. त्याला खूप वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. भामाला काय वाटेल ह्याचाच तो विचार करत होता.

रविवारी जेवणं झाल्यावर त्याने सगळ्यांना बसवलं. चष्म्यात काय आहे ते भामाला सांगितलं नाही. ती जेवणाच्या लाकडी खुर्चीत बसली, समीक्षाने पट्टा आवळला.

थोडा वेळ ती स्थिर होती. मग तिने दोन्ही पाय जमिनीवरून उचलले आणि खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. तिच्या गुडघ्यांना ते सोपं नव्हतं.

"आई, पाय का वर घेतलेत?" समीक्षाने विचारलं.

"नाय, आसंच."

पूर्ण पंधरा मिनिटं तिने बघितलं. मान इकडून तिकडे वळवली. मग चष्मा उतरवून मांडीवर ठेवला. बळीराम तिच्या तोंडाकडे बघत होता.

"बरा काढलाय," ती म्हणाली. "तुमचं डोकं दिसतंय बांधामागं."

केतन आणि समीक्षा हसले. भामाने चेहरा पुसला आणि भांडी आवरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी अडीचला ती तळ्यावर गेली.

बळीराम त्या दुपारी खाली गेला नाही. सोफ्यावर बसून राहिला. सव्वातीनला तिने चष्मा काढला, तेव्हा डोळ्यांभोवती नेहमीची लाल रेघ उठली होती.

"काल येवरं दाखवलं, ते नाय बगत?" त्याने विचारलं.

"बगितलं की काल."

"आपलं सोताचं मिठाचं आगर व्हतं तसं. त्या परक्या तळ्यापरास..."

भामा म्हणाली, "तुमाना काय आठवतं आगराचं?"

बळीरामला सांगायला बरंच होतं. संध्याकाळचं आभाळ कोंड्यांत उतरायचं ते, चांदण्यासारख्या पांढऱ्या राशी, बापाची हाक, भरतीला मिठासाठी येणारे मचवे. तो सांगत गेला. तिने मध्ये तोडलं नाही.

"तुमी काय करायचात तिकरं?"

"मी? बाबाबरोबर मचवे भरून घ्यायचो."

"भरून घ्यायचात. भरायचं कोन?"

"बाया," बळीराम म्हणाला.

"अकरा हंगाम मी पाट्या व्हायल्या," भामा म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता, बाजारात भाव सांगावा तसा सरळ होता. "केतन पोटात व्हता तवा सुदीक. टाचांना भेगा, भेगांत मीठ. घरी येऊन पाय धुवायचे तर पानी लावायची भीती. काल ते पांढरं समोर आलं नि माजे पाय झोंबाय लागले. खोटं नाय सांगत."

"मना कंदी बोलली नायस."

"सगल्याच बाया व्हायच्या. बोलायचं काय त्यात? मना आगराचा राग नाय. त्यानं पोट भरलं. पर आराम कराय मी तिकरं कशाला जाऊ?"

"मंग त्या तल्यावर काय हाय?"

"काय नाय. कोन मना वळखत नाय, कोन हाक मारत नाय." तिने चष्म्याचा पट्टा गुंडाळला. "नि तिकरं मी कंदी काय उचललेलं नाय."

खालून एक डंपर गेला, काचा थरथरल्या. बळीरामने विचारलं, "गुडघं दुखतात तिकरं?"

"दुखतात की. गुडघं हितंच ऱ्हातात. माजं ध्यान नसतं, येवरंच."

ती चहा ठेवायला उठू लागली. उठताना खुर्चीच्या हातावर दोन्ही तळवे रोवून, दात आवळून. बळीरामने हे रोज पाहिलं होतं. "बस, मी ठेवतो," तो म्हणाला. त्याने साखर दुप्पट टाकली. भामाने तो चहा तसाच प्यायला.

चार दिवस त्याच्या डोक्यात तेच होतं. शनिवारी सकाळी भामा आंघोळीला गेली असताना त्याने समीक्षाला सांगितलं, "मना ते तलं दाखव."

समीक्षाने काही न विचारता चष्मा चढवून दिला. बळीराम फळीवर बसला. पाणी होतं, डोंगर होता. पाच मिनिटांत त्याला कंटाळा आला. तरी तो बसला. मग त्याच्या ध्यानात आलं, आपण सारखे मागे वळून बघतोय. फळीवरून कोणी येतंय का, ह्याची वाट बघतोय. कोणी आलं नाही. येणारही नव्हतं. भामा मागे वळून बघत नसणार, हे त्याला अगदी स्पष्ट कळलं. कोणी येणार नाही म्हणूनच ती तिथे जात होती.

चष्मा काढून त्याने तो नीट खोक्यात ठेवला. "गुडघ्याच्या डॉक्टरचा नंबर हाय का तुज्याकरं?" त्याने सुनेला विचारलं.

"आहे बाबा. तीन वर्षांपासून आहे."

"लाव."

पनवेलच्या हॉस्पिटलात मार्चमधली तारीख मिळाली. आधी उजवा गुडघा करायचा ठरलं. भामाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता कसं काय मनात आलं?" त्यावर बळीरामने पहिल्यांदा खरं सांगितलं. त्याची आई साध्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला गेली होती आणि घरी परत आली नव्हती. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. आईचं नाव निघालं की तो विषय बदलायचा, हे भामाला माहीत होतं, कारण माहीत नव्हतं.

"माज्या जिवाची भीती व्हती म्हनून तीन वर्सं मना बसवून ठेवलात," ती म्हणाली.

"हां."

"आसं बोलायचं तरी व्हतं."

"आता बोललो."

ऑपरेशनच्या दिवशी तो हॉस्पिटलच्या बाकावर चार तास बसला. केतनने दोनदा चहा आणून दिला, तो दोन्ही वेळा गार झाला. डॉक्टर बाहेर येऊन "व्यवस्थित झालं" म्हणाले, तेव्हा त्याने ते दोनदा विचारून घेतलं आणि मग मुतारीत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारलं.

कठीण होतं ते पुढचं. नवा गुडघा रोज वाकवावा लागतो, नाहीतर तो अडकून बसतो. दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट चारुता रोज भामाचा पाय धरून वाकवायची, आणि अकरा हंगाम पाट्या वाहिलेली भामा पलंगाची कड धरून ओरडायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मना नको. हाय तसा ऱ्हाऊ द्या."

बळीराम रिक्षाने उलव्याला गेला आणि चष्मा घेऊन आला. चारुताने तो उलटसुलट बघितला, डॉक्टरांना फोन केला. पलंगावर आडवंच राहायचं असेल तर हरकत नाही, असं उत्तर आलं. बळीरामने भामाचा अंबाडा स्वतः सोडला, केस एका बाजूला घेतले आणि पट्टा बसवला. कुठलं बटण दाबायचं, हे त्याने समीक्षाकडून शिकून घेतलं होतं.

"गेलीस?" त्याने विचारलं.

"गेले. पाऊस हाय आज तिकरं."

चारुताने पाय वाकवायला घेतला. भामाचे ओठ आवळले गेले, हाताची मूठ झाली. पण ती ओरडली नाही. मध्येच म्हणाली, "पक्षी आला," आणि चारुताने आणखी थोडा जोर दिला. गुडघा त्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त वाकला. दुखणं गेलं नव्हतं. रात्रीच्या गोळ्या चालूच होत्या. पण पुढच्या दिवशी भामाने नको म्हटलं नाही.

दीड महिन्याने भामा काठी घेऊन बिल्डिंगच्या त्या चार पायऱ्या उतरली. खाली चांगो बसला होता. त्याने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही, गेटपर्यंत जाऊन आली.

डावा गुडघा दिवाळीनंतर करायचं ठरलं. दरम्यान चारुताने एकदा फोनवर विचारलं, "काकी, तो चष्मा मंगळवारी थोडा वेळ मिळेल का? एक-दोन पेशंट फार घाबरतात."

"नुसता चष्मा काय करल?" भामा म्हणाली. "मी येते घेऊन."

तेव्हापासून मंगळवारी सकाळी बळीराम तिला पनवेलला रिक्षाने सोडायचा आणि भाजी घ्यायला मार्केटात जायचा. भामा चारुताच्या खोलीत स्टुलावर बसायची. कोणाचा खांदा, कोणाचा घोटा. ती पट्टा बांधून द्यायची, गरगरायला लागलं तर डोळे मीट म्हणून सांगायची. दोन जणांनी चष्मा नको म्हटलं. तिने आग्रह केला नाही.

जूनच्या एका मंगळवारी तिथे साळू आली. कर्नाळ्याच्या बाजूच्या एका वाडीतली, चाळिशीची. वीटभट्टीवर विटांचा थर अंगावर येऊन तिचा गुडघा मोडला होता. प्लास्टर निघालं होतं, पण पाय काठीसारखा ताठ राहिला होता. ती पलंगावर अंग चोरून बसली होती आणि चारुताच्या हातांकडे बघत होती.

भामाने चष्मा मांडीवर घेतला आणि तो काय आहे ते तिला सांगितलं. साळूने काचेतून आत डोकावून बघितलं.

"ह्याच्यात जायाचं कुटं?" तिने विचारलं.

"कुटं नको जायाला ते सांग पयलं."

साळूने हा प्रश्न आधी कोणी विचारला नसावा तसं भामाकडे बघितलं. मग विचार करून म्हणाली, "जिथं धूर हाय तिथं नको."

ठिकाण निवडायला भामाने चष्मा आधी स्वतः लावला; तळ्याचं चित्र समोर आलं आणि तिचं बोट बटणावर गेलंच होतं. पण तळ्यावर सकाळचं धुकं असतं आणि लांबून ते धुरासारखंच दिसतं, हे तिच्या लक्षात आलं. ती पुढे सरकली. समुद्राचं पोट, बाजार, देऊळ. शेवटी एक मोकळं माळरान सापडलं, स्वच्छ आभाळाचं. तिने ते लावलं आणि चष्मा उतरवून साळूच्या डोक्याला पट्टा बांधला.

चारुताने पाय हातात घेतला. साळूच्या पायाची बोटं आखडली.

"काय दिसतंय?" भामाने विचारलं.

"गवत," साळू म्हणाली. "लय गवत हाय. कमरेवरी." थोड्या वेळाने तिने विचारलं, "ह्ये गवत मना कापायचं नाय ना?"

"नाय," भामा म्हणाली. "बसून ऱ्हा."